वादीच्या मोटारसायकलवर

‘कोर्टातून आलोय’ असं दारात उभं राहून म्हटलं, की समोरचं माणूस आधी माझ्या हातातल्या कागदाकडं बघायचं, मग माझ्या तोंडाकडं, आणि मग घरात वळून कुणाला तरी हाक मारायचं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी एकतीस वर्षं हे पाहिलं. मी बेलीफ होतो.

बेलीफ म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सोयऱ्याधायऱ्यांनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणी मला वकील समजायचं, कुणी पोलीस. म्हणून आधी तेच सांगतो. दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. दावा लागला की प्रतिवादीला तसं कळवावं लागतं, त्या कागदाला समन्स म्हणतात. न्यायाधीश खुर्चीत बसतात, वकील बाररूम ते कोर्ट एवढ्यात फिरतात. कोर्टाच्या फाटकाबाहेर पडून माणसाच्या उंबऱ्यापर्यंत जाणारा एकटा बेलीफ. समन्स द्यायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा. कुणी घेतलंच नाही, तर दोन पंचांसमक्ष ते दारावर चिकटवायचं आणि कोर्टाकडं परत जाणाऱ्या प्रतीच्या मागं चार ओळींचा अहवाल लिहायचा.

त्या चार ओळी खऱ्या धरल्या जातात. न्यायाधीशांनी ते घर पाहिलेलं नसतं, ते दारही पाहिलेलं नसतं. मी लिहिलं म्हणजे तसं घडलं.

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, निमोण्यात सालगडी होते. मी शिरूरच्या कॉलेजात बी.ए. झालो, तेव्हा आबांनी निकालाचा कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाले, “शिक्का हाय. झालं मग.” माझ्या शाळामास्तरांनी, कॉलेजच्या ग्रंथपालांनी, वस्तीतल्या चार घरांनी मला उचलून धरलं नसतं तर त्याच शेतावर मीही राबलो असतो. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा मला वाटलं होतं, सरकारनं नव्हे, कोर्टानं माझ्यावर विश्वास टाकला आहे. ही भावना भाबडी असेल, पण तिनंच मला एकतीस वर्षं चालवलं.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. दौंडला रेल्वेतला एक ड्रायव्हर होता. घरी कधीच सापडायचा नाही, पाच वेळा रिकाम्या हातानं परत आलो. सहाव्यांदा स्टेशनवरच गाठला. इंजिनातून वाकून त्यानं समन्स घेतलं, सही केली आणि म्हणाला, “सायेब, घरी बायकोला सांगू नका, ती म्हणंल सापडलास का येकदाचा! तिला बी मी सहा म्हैन्यानं सापडतो.” सणसवाडीला तर भाड्याच्या खोल्यांची अख्खी चाळ पालथी घालावी लागायची. नाव घेतलं की दारातला पोरगा म्हणायचा, “वो तो गाँव गया, साहब.” शेजारच्या खोलीत विचारलं तर तिथलाही म्हणायचा, गाँव गया. एकदा मी वैतागून विचारलं, “मग इथं राहतंय कोण?” तर आतून आवाज आला, “हम तो नाइट शिफ्ट में हैं, साहब, हम भी नहीं हैं.”

पण लिहायला बसलो ते या गमतींसाठी नव्हे. हिराबाईंसाठी बसलो. प्रकरण मिटलेलं आहे, माणसं हयात आहेत, म्हणून नावं बदलली आहेत आणि कोर्ट कुठलं तेही मोघमच ठेवतो. गाव केंदूरच्या बाजूचं, एवढं पुरे.

बेलिफाला गाडी नसते. एसटी ज्या वाडीला दिवसातून दोनदा जाते, तिथं एका समन्ससाठी अख्खा दिवस मोडतो. त्यात घर ओळखायचं, माणूस ओळखायचा. मग वादीच म्हणतो, “मी नेतो की गाडीवर, घर दाखवतो, परत सोडतो.” ही जुनी रीत. आम्ही सगळे जायचो. त्यात काही वावगं आहे असं मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही वाटलं नाही.

हिराबाईंच्या दाव्यातला वादी त्यांचा चुलत दीर. त्याला आपण बाप्पू म्हणू. बागायतदार, विकास सोसायटीत वजन असलेला. हिराबाई विधवा. त्यांच्या दोन एकरांत जायची गाडीवाट बाप्पूच्या रानातून होती, नवऱ्याच्या हयातीत बैलगाडी तिथूनच जायची. ‘या वाटेनं तिनं येऊ-जाऊ नये’ असा मनाईचा दावा बाप्पूनं लावला होता. दुसरी वाट नव्हती. वाट बंद म्हणजे रान पडीक.

बाप्पू कोर्टाच्या फाटकाशी मला घ्यायला आला. नवी कोरी बुलेट. “बसा, रावसाहेब,” म्हणाला. आता खरं सांगतो. ज्यांच्या बांधावर माझा बाप कमरेत वाकून उभा राहायचा, त्यांच्यासारखाच एक माणूस मला रावसाहेब म्हणून मागं बसवत होता. मला ते आवडलं. गाव आलं तेव्हा तर मी पाठ ताठ करून बसलो होतो.

हिराबाई ओसरीवर मटकी निवडत बसल्या होत्या. दारात एक शेळी बांधलेली. गाडी थांबली तशा त्या उठल्या. मी कागद काढायच्या आत बाप्पूच बोलला, “कोर्टाचं समन्स हाय. सही कर हितं.”

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “हे कोन?”

“कोर्ट हाय ह्ये,” बाप्पू म्हणाला.

हिराबाईंनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी दोन वेळा हाक मारली. “मी कुठंबी सही करनार न्हाई,” एवढंच आतून ऐकू आलं.

मी नियमानं वागलो. ऑफिसातला डिंक नेहमी वाळलेला असायचा, म्हणून माझी बायको मला गव्हाच्या पिठाची खळ डबीत भरून द्यायची. ती लावून समन्स दारावर चिकटवलं. पंच म्हणून बाप्पूबरोबर मागच्या गाडीवर आलेले दोघं होतेच, त्यांच्या सह्या घेतल्या. ‘प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला. सबब पंचांसमक्ष दारावर चिकटवून बजावणी केली.’ पाच मिनिटांचं काम.

परतताना बाप्पू म्हणाला, “तुम्हाला घरापत्तुर सोडतो, निमोण्याला.” नको म्हणायला हवं होतं. आबा अंगणात बाजेवर बसले होते. बुलेट बघून ते पटकन उठून उभे राहिले, हात जोडलेले. मग मागं बसलेला मी त्यांना दिसलो. बाप्पू गेल्यावर म्हणाले, “बरं दिसलं, तू मागं बसल्याला. पर मी उठून हुभा राह्यलो बघ. सवय.” आणि हसले. मीही हसलो.

प्रतिवादी हजर झाली नाही, म्हणून दाव्याचा एकतर्फी निकाल लागला. म्हणजे एकाच बाजूचं ऐकून. हिराबाईंना मनाई झाली. अशा निकालांची मला सवय होती, मी विसरूनही गेलो.

वर्षभरानं त्याच नावाची नोटीस माझ्या गठ्ठ्यात आली. मनाई असूनही त्या वाटेनं जातात, म्हणून त्यांना दिवाणी तुरुंगात टाकावं, अशी बाप्पूची मागणी. त्या दिवशी बाप्पू सोसायटीच्या कामात अडकला होता, मला न्यायला आला नाही. केवळ म्हणून मी एसटीनं गेलो आणि फाट्यापासून तीन किलोमीटर चालत. पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता.

हिराबाईंनी मला ओळखलं. पण दार लावलं नाही. वाटेकडं लांबवर पाहिलं आणि विचारलं, “आज गाडी न्हाई व्हय तुमची?”

“माझी गाडी नाहीच, मावशी. मी कोर्टाचा माणूस.”

“मंग त्या दिशी त्येच्या गाडीवर कसं काय आला व्हता?”

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, “मला वाटलं, त्येनं कुनीतरी भाड्याचा मानूस आनलाय सही घ्यायला. मागं बी आसंच आंगठा घ्यायला आलं व्हतं, सोसायटीचा कागद म्हून. कोर्ट का कुनाच्या मागं बसून येतं?”

“पण मी कागद दारावर लावला होता. कुणाकडनं वाचून घ्यायचा.”

“लावला व्हता खरा,” त्या शेळीकडं बोट दाखवून म्हणाल्या. “लेक शिरूरला शिकाया असती, ती शनवारी येती. म्हनलं तिला दावू. सांजच्याला बघते तर दारावर निस्ता वला डाग. तुमची खळ गोड व्हती वाटतं. समदी कागदासकट चाटून खाल्ली बयेनं.”

मी हसलो असतो, पण त्यांनी लगेच विचारलं, “त्यात काय लिवलं व्हतं?”

तुमची वाट जाणार, असं त्यात लिहिलं होतं. ती वर्षापूर्वीच गेली, हे मला त्या ओसरीवर बसून सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “म्हंजी मला न इच्यारताच?”

बेलिफानं पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो. मी दिला. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस आहे, तिथं वकील मोफत मिळतो, उद्याच्या उद्या जा, म्हणालो. त्यांनी या वेळी नोटिशीवर अंगठा दिला. शाई पुसताना म्हणाल्या, “तुम्ही चालत आलासा म्हून देते.”

त्या गेल्या. एका तरुण वकीलबाईंनी अर्ज केला, की एकतर्फी निकाल रद्द करून आमचं ऐका. बाप्पूच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. बाईनं समन्स नाकारलं, बेलिफाचा अहवाल आहे, आता रडून काय उपयोग? म्हणजे सगळं माझ्या चार ओळींवर येऊन थांबलं आणि मला साक्षीला बोलावणं आलं.

आमच्या वरचे अधिकारी नाझर. नाझरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. चांगला माणूस होता, तेही आमच्यासारखेच खालून वर आलेले. म्हणाले, “अहवाल तुझा आहे, तो खरा आहे, एवढंच सांग आणि खाली उतर. गाडीबिडी काढू नकोस. तू एकटा का बसलास वादीच्या गाडीवर? सगळे बसतात. उद्या प्रत्येक वकील प्रत्येक अहवालावर बोट ठेवील.”

त्यांचं खोटं नव्हतं. साक्षीच्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर आबा पोचवायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. गाडी लागली तेव्हा म्हणाले, “मी त्या दिशी हुभा राह्यलो ना, ते बाप्पूला बघून. तुला बघून न्हाई. त्या बाईला बी बाप्पूच दिसला आसंल.”

पिंजऱ्यात बाप्पूच्या वकिलांनी अहवाल माझ्यापुढं धरला. “हे अक्षर तुमचं?”

“होय.”

“यातला मजकूर खरा?”

“खरा आहे, साहेब. पण पुरा नाही.”

न्यायाधीशांनी मान वर केली. मग मी सांगितलं. वादीच्या गाडीवर गेलो. माझ्याआधी वादी बोलला. पंच दोघं त्याचेच होते. बाईंनी कोर्टाला नकार दिला नाही, त्यांना कोर्ट दिसलंच नव्हतं. शेळीचंही सांगितलं. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनाही ओठ दाबावे लागले. म्हणाले, “शेळीचा उल्लेख अहवालात दिसत नाही.”

“शेळीनं ते मी गेल्यावर खाल्लं, साहेब.”

हिराबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडं एकटक बघत होत्या.

एकतर्फी निकाल रद्द झाला, त्याबरोबर तुरुंगाची मागणीही निकालात निघाली. दावा पुन्हा चालणार होता. मला लेखी खुलासा द्यावा लागला, दिला. आणि नाझरसाहेब म्हणाले होते तसंच झालं. पुढं कितीतरी वर्षं मी साक्षीला उभा राहिलो की कुठला ना कुठला वकील मिश्कील हसून विचारायचा, “बेलीफसाहेब, कुणाच्या गाडीवर गेला होतात?” मी एसटीनं जायचो, आणि तिकीट अहवालाला टाचणीनं लावायचो. तसा काही नियम नव्हता. सहकारी मला ‘तिकीटवाला’ म्हणायला लागले. कामं माझी हळू व्हायची, त्यावरून बोलणीही खाल्ली.

मधे माझी बदली झाली. हिराबाईंच्या दाव्याच्या तारखा पडत राहिल्या. एका वकिलाकडून कळलं, की शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. पायवाट मिळाली, गाडीवाट गेली. म्हणजे माणूस जाऊ शकतो, बैलगाडी नाही. खताचं पोतं, मालाची पाटी, सगळं डोक्यावर. पहिल्याच दिवशी समन्स नीट पोचलं असतं तर? तेव्हा वाटेवर बैलगाडीची चाकोरी ताजी होती, नवऱ्याच्या वेळचे साक्षीदार जिवंत होते. मी स्वतःला हा प्रश्न विचारायचो आणि उत्तर टाळायचो. त्या गावाला पुन्हा गेलो नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पुण्याच्या एका अभ्यास संस्थेतून केतकी मॅडम आल्या. वय पंचविशीचं, पाठीवर सॅक. लोकांचा कोर्टावर किती विश्वास आहे याचा अभ्यास चालू होता, आणि गावं माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता. प्रश्नावली वाचून मला बरं वाटलं. कुणीतरी हे विचारतंय तरी! शेवटचा प्रश्न असा: न्यायालयावर तुमचा विश्वास आहे का? पुढं पाच चौकटी. पूर्ण, बराचसा, थोडासा, अजिबात नाही, सांगता येत नाही.

पहिल्याच गावात गोम निघाली. मी मॅडमशेजारी बसलो, की जो तो म्हणायचा, “पूर्ण! पूर्ण इस्वास हाय!” एक म्हातारे आप्पा तर हात जोडून म्हणाले, “आमची काय बी तक्रार न्हाई, बेलीफसायेब, फकस्त कागद काढू नका.” दुपारी मॅडमनी मला हळूच सांगितलं, “काका, रागावू नका. पण तुम्ही लांब बसत जा. तुम्हाला बघून लोक कोर्टाला उत्तर देतायत, मला नाही.” मी रागावलो नाही. तेव्हापासून मी घर दाखवायचो आणि हाकेच्या अंतरावर झाडाखाली नाहीतर दगडावर जाऊन बसायचो.

मी एकच अट घातली होती. कुणाच्याही गाडीवर जायचं नाही. एका गावात माजी सरपंच जीप घेऊन उभे होते, मी मॅडमना बसू दिलं नाही. “काका, तीन तास वाचले असते!” त्या वैतागल्या. मी म्हटलं, “वाचले असते. तिकिटं जपून ठेवा.” म्हातारपणाचा हट्ट समजून त्यांनी ठेवली.

कुणाला विचारायचं ते मतदारयादीवरून ठरायचं, अमुक इतकी नावं सोडून पुढचं नाव. ते आमच्या हातात नव्हतं. एका सकाळी मॅडमनी त्या दिवसाची यादी दिली आणि तिच्यात हिराबाईंचं नाव होतं.

फाट्यावर उतरलो, चालायला लागलो, आणि त्याच तीन किलोमीटरांत मॅडमना सगळं सांगितलं. बुलेट, दार, खळ, शेळी, साक्ष. “त्यांना दुसऱ्या कुणी विचारावं, नाहीतर नाव सोडावं,” म्हणालो. खरं तर मला उत्तराची भीती वाटत होती. ‘अजिबात नाही’ या चौकटीत खूण झाली तर ती मला माझ्यावरच झालेली दिसणार होती.

मॅडम म्हणाल्या, “नाव यादीत आहे, काका. सोडता येणार नाही. तुम्ही नेहमीसारखे लांब बसा.”

ओसरी तीच. दाराला नवा निळा रंग. शेळी दुसरी, त्याच खुंट्याला. मी रस्त्यापलीकडं दगडावर बसलो, भर उन्हात, कारण तिथं झाड नव्हतं. हिराबाई पुष्कळ वाकल्या होत्या. ओसरीवर मॅडम बसल्या, सॅकमधून फॉर्म काढला, आपली ओळख सांगायला लागल्या. शब्द मला ऐकू येत होते.

“न्यायालयाबद्दल थोडे प्रश्न विचारायचेत, आजी. विचारू?”

हिराबाईंनी फॉर्मकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. आणि मग, वीसएक वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच, त्यांनी वाटेकडं लांबवर पाहिलं.

“आदी मला सांग, बाळ. तू कुनाच्या गाडीवर आलीस?”

मॅडमनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग काही न बोलता सॅकचा पुढचा कप्पा उघडला आणि त्या दिवसाची दोन तिकिटं काढून हिराबाईंच्या तळहातावर ठेवली. “एसटीनं आलो, आजी. फाट्यापासून चालत.”

हिराबाईंना वाचता येत नाही. पण एसटीचं तिकीट त्यांना कळतं, तारखांना जाता-येता त्यांनी ती कितीतरी पाहिली असतील. त्यांनी दोन्ही तिकिटं बोटांनी उलटसुलट केली.

“दोन हायती. दुसरं कुनाचं?”

मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. हिराबाईंनी डोळ्यांवर हात आडवा धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी उठून उभा राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही.

“आगं, बेलीफसायेब हायती की!” त्या म्हणाल्या. “त्येंला उन्हात कशापायी बशिवलंय? आत बोलीव.”

“आजी, ते इथं असले की लोक खरं सांगत नाहीत, म्हणून...”

“लोकांचं लोक बघतील,” हिराबाई म्हणाल्या आणि सरकून त्यांनी ओसरीवर जागा केली. “त्येंच्यासमोर मी खोटं कशाला बोलू? या सायेब. आन् तू इच्यार आता, काय इच्यारायचं ते.”